बूट शाबूत, जॉइंट बाद: डाव्या वळणावरच्या टकटकीचं एक प्रकरण

गाडी छोटी, पाच गेअरची, पुढच्या चाकांवर ओढणारी. ९६,००० किलोमीटर झालेली. तक्रार एकच: स्टेअरिंग डावीकडे पूर्ण कापून निघालं की पुढून टक-टक-टक. सरळ रस्त्यावर शांत, उजवीकडे वळताना जवळजवळ शांत. तीन आठवड्यांपूर्वी दुसऱ्या एका गॅरेजात उजवा ड्राइव्ह शाफ्ट (गेअरबॉक्सची फिरकी चाकापर्यंत नेणारा दांडा, यालाच अ‍ॅक्सलही म्हणतात) अख्खा बदलून झाला होता आणि आवाज जिथल्या तिथे होता.

"नवा अ‍ॅक्सल टाकलाय, तरी वाजतोय. आता गेअरबॉक्स उघडून बघू म्हणतायत," मालक म्हणाले.

गेअरबॉक्स उघडायची घाई नको, एवढंच त्यांना सांगितलं. तेव्हा मलाही त्यापुढचं काही कळलं नव्हतं. माझा पहिला अंदाज तर चुकलाच, त्यात तासभर गेला. तो का चुकला हेही इथे लिहितो, कारण उजवा शाफ्ट बदलणाऱ्याची चूक आणि माझी चूक एकाच जातीच्या होत्या. दोघांनीही गाडीकडे बघण्याआधी आपापला पाठ केलेला नियम लावला.

माझा नियम होता बुटाचा. ड्राइव्ह शाफ्टच्या चाकाकडच्या सीव्ही जॉइंटवर, म्हणजे चाक वळलेलं असतानाही फिरकी सारख्या वेगाने पोचवणाऱ्या सांध्यावर, रबराचा घड्याघड्यांचा बूट असतो. तो फाटला की आतलं ग्रीस बाहेर फेकलं जातं, बाहेरची माती-पाणी आत शिरतं आणि जॉइंट खाल्ला जातो. गाडी लिफ्टवर घेतली, दोन्ही बाजूंचे बूट टॉर्च मारून पाहिले. उजवा कोरा, नव्या शाफ्टबरोबर आलेला. डाव्याची प्रत्येक घडी ताणून बघितली, चाक दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून बघितली, कारण बारीक चीर घडीच्या तळाशी लपते आणि चाक सरळ असताना दिसत नाही. चीर नव्हती. रिमच्या आतल्या बाजूला ग्रीसचे फवारेही नव्हते. मनात म्हटलं, जॉइंट सुटला यातून. मग स्ट्रटचं वरचं बेअरिंग, स्टॅबिलायझर लिंक, लोअर आर्मचा बॉल जॉइंट असं एकेक हलवून बघत बसलो. कशातही खेळ नव्हता.

शेवटी लिफ्टवरून गाडी उतरवली आणि मुळात जे आधी करायला हवं होतं ते केलं. मोकळ्या जागेत जाऊन आवाज नीट ऐकला.

ऐकताना पहिला प्रश्न असा की टकटक कशाच्या तालावर आहे. गाडी पुढून मागे घेताना एकदाच 'टक' झालं आणि थांबलं, तर ते काहीतरी ढिलं असल्याचं लक्षण: हब नट (शाफ्टचं टोक चाकाच्या हबला आवळणारा मोठा नट), ब्रेक पॅड, इंजिनाचा माउंट. चाकाच्या फेरीबरोबर पुन्हापुन्हा येत असेल, वेग वाढवला की ताल वाढत असेल, तर ती वस्तू चाकाबरोबर फिरते आहे. व्हील बेअरिंग गेलं तर टकटक होत नाही, घूं असा सलग आवाज येतो आणि वेगाबरोबर चढतो. आतला, म्हणजे गेअरबॉक्सकडचा जॉइंट झिजला तर बहुधा वळणावर वाजत नाही. सरळ रस्त्यावर जोरात अ‍ॅक्सलरेटर दिला की गाडी थरथरते.

इथे ताल होता, आणि थ्रॉटल दिला की आवाज मोठा, पाय काढला की जवळपास गायब. म्हणजे भार पडल्यावर बोलणारी वस्तू. त्याच्या जोडीला एक सुटा 'टक'ही होता, रिव्हर्सवरून पहिल्या गेअरमध्ये आल्यावर. तो मी तेव्हा त्याच खात्यात टाकला. ती दुसरी चूक, तिच्याकडे पुढे येतो.

बाहेरचाच सीव्ही जॉइंट, हे ठरलं. पण कोणत्या बाजूचा?

गॅरेजात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं उत्तर आहे: डावीकडे वळताना वाजलं तर उजवा, उजवीकडे वाजलं तर डावा. माझ्याही उस्तादांनी हेच शिकवलं. कारण असं सांगतात की वळणावर गाडीचा भार बाहेरच्या चाकावर जातो. भार जातो हे खरं. पण तो भार उचलतं कोण? व्हील बेअरिंग, नकल (चाकाचा हब धरणारा सांगाडा), स्प्रिंग. ड्राइव्ह शाफ्टच्या जॉइंटवर गाडीचं वजन येत नाही, त्याच्यावर येतो तो फक्त पीळ. आणि साधा डिफरन्शियल (फिरकी दोन्ही चाकांत वाटणारी गेअरची जोडणी) दोन्ही शाफ्टना जवळजवळ सारखाच पीळ देतो, चाकं वेगवेगळ्या वेगाने फिरत असली तरी. मग दोन जॉइंटमध्ये फरक उरतो तो कोनाचा. वळणाच्या आतल्या बाजूचं चाक नेहमी जास्त वळलेलं असतं, कारण त्याला लहान वर्तुळ काढायचं असतं.

या गाडीचेच आकडे घेतो. पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर साधारण २.४ मीटर, दोन चाकांमधली रुंदी १.४ मीटर, वळणाची त्रिज्या ४.८ मीटर. हिशेब मांडला तर पूर्ण वळणावर बाहेरचं चाक सुमारे ३० अंश वळतं आणि आतलं सुमारे ४१ अंश. डावीकडे वळताना जास्त छळ डाव्या जॉइंटचाच होतो. बाहेरचा वाजतच नाही असं नव्हे. झीज नेमकी कुठे झाली आहे त्यावर ते ठरतं. पण वळणाच्या उलट दिशेचा जॉइंट दोषी, हे काही प्रमाण नाही, आणि तेवढ्यावर कुणाचा अख्खा शाफ्ट बदलू नये.

कोन वाढला की टकटक का, हे समजायला जॉइंटच्या आत डोकवावं लागतं. रझेप्पा प्रकारच्या या जॉइंटमध्ये बाहेरची वाटी, आतली रेस (शाफ्टवर बसणारी खाचांची कडी), दोघींत समोरासमोर कोरलेल्या सहा खाचा, त्यांत सहा पोलादी गोळ्या आणि गोळ्यांना जागेवर धरणारा पिंजरा. गोळ्या नेहमी दोन शाफ्टच्या कोनाच्या बरोबर मधल्या प्रतलात राहतात, म्हणून एका बाजूची फिरकी दुसऱ्या बाजूला जशीच्या तशी पोचते. हीच जागा जर साध्या क्रॉसच्या जॉइंटला दिली, तर ४१ अंशांत चाकाचा वेग प्रत्येक फेरीत दोनदा पाऊणपट ते सव्वापटीच्याही वर असा हेलकावे खाईल आणि स्टेअरिंग हातात नाचेल. आल्फ्रेड रझेप्पाने १९२० च्या दशकात ही रचना आणली. १९५९ च्या मिनीने आडव्या इंजिनाबरोबर ती पुढच्या चाकांना वापरली आणि पुढे छोट्या गाड्यांमध्ये ती सर्रास झाली.

गाडी सरळ चालते तेव्हा गोळ्या खाचेच्या मधल्या भागातच किंचित हलतात. हजारो किलोमीटर तिथेच घासतात, तिथेच खळगा पडतो. सरळ जाताना गोळी त्या खळग्यातच बसलेली असते, म्हणून गप्प. स्टेअरिंग पूर्ण कापलं की प्रत्येक फेरीत गोळीला खाचेच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जाऊन यावं लागतं आणि खळग्याच्या कडेवरून भाराखाली उडी मारावी लागते. ती उडी म्हणजे टक.

याच रचनेमुळे रिव्हर्सची चाचणीही जपून वापरावी लागते. पुढे जाताना गोळ्या खाचेच्या एका बाजूला दाबल्या जातात, मागे घेताना दुसऱ्या. झीज मुख्यतः पुढे ओढणाऱ्या बाजूला झालेली असेल तर रिव्हर्समध्ये जॉइंट साळसूद वागतो. या गाडीत तसंच होतं. पूर्ण डावं वळण, रिव्हर्स, थ्रॉटल, आणि टकटक नाहीच. रिव्हर्समध्ये वाजला तर जॉइंटवर संशय पक्का होतो, नाही वाजला तर काहीच सिद्ध होत नाही.

बाजू ठरवायला मी खडू वापरला. डाव्या पुढच्या टायरच्या बाहेरच्या भिंतीवर एक ठळक रेघ मारली, जमिनीवर सुरुवातीची खूण केली. मदतनिसाला म्हटलं, स्टेअरिंग डावीकडे पूर्ण, पहिला गेअर, माणसाच्या चालीने, थ्रॉटल हलका पण सतत, आणि एक पूर्ण वर्तुळ. मी वर्तुळाच्या मध्यभागी उभा. तिथून डावं चाक पूर्णवेळ समोर दिसतं. जागा ऐसपैस आणि वेग चालीचाच हवा, नाहीतर हा प्रयोग करू नये.

हिशेब सोपा आहे. टायरचा घेर १.९ मीटर. एका वर्तुळात बाहेरचं, म्हणजे उजवं चाक सुमारे ३० मीटर जातं, १६ फेऱ्या. आतलं डावं चाक सुमारे २३ मीटर जातं, १२ फेऱ्या. ठळक टकटक फेरीला एक असेल, तर एका वर्तुळात किती वाजल्या हे मोजलं की कोणत्या चाकाबरोबर फिरणारी वस्तू बोलते आहे ते कळतं.

बारा मोजल्या. पुन्हा एक वर्तुळ घेतलं, पुन्हा बारा. आणि दर वेळी खडूची रेघ जवळपास एकाच जागी, पुढच्या बाजूला खाली येताना. दोन-तीन खाचा सारख्याच खराब असतील तर फेरीला दोन-तीन ठोके पडतात आणि मोजणी गुंतागुंतीची होते. तेव्हा आकडा सोडून रेघेशी ताल जुळतो का तेवढं बघावं.

मालकांना सांगितलं की डावा जॉइंट आहे. त्यांनी काही न बोलता डिकी उघडली. आधीच्या गॅरेजातून काढलेला उजवा शाफ्ट त्यांनी कापडात गुंडाळून ठेवला होता. बाहेरचा जॉइंट हातात धरून सगळ्या कोनांत फिरवला. कुठे अडकणं नाही, पिळून बघितला तर खेळ नाही, बूट मऊ आणि भरलेला. चांगला शाफ्ट निघाला होता. काढलेला भाग मागून घ्यायची सवय त्यांना होती हे बरं झालं. मी आधीच विचारलं असतं तर तो सुरुवातीचा तास वाचला असता.

पण मग डावा बूट शाबूत कसा?

गाडी परत वर घेतली. या वेळी चीर शोधली नाही, ग्रीस शोधलं. बूट चिमटीत दाबला. भरलेल्या बुटात मळलेल्या चिकणमातीसारखं काहीतरी बोटांना लागतं. हा नुसता हवेचा होता. मग शाफ्टच्या बाजूचं लहान तोंड पाहिलं. तिथे धातूच्या क्लॅम्पऐवजी वायरी बांधायची प्लॅस्टिकची पट्टी होती, पिवळी पडलेली आणि बोटाने फिरवली तर फिरणारी. तिच्याखालून शाफ्टवर काळपट, धूळ चिकटलेला एक रुंद पट्टा आतल्या जॉइंटच्या दिशेने गेला होता. बूट कधीतरी कुणीतरी बदलला होता आणि क्लॅम्प हाताशी नव्हता म्हणून पट्टी ओढली होती. फाटलेल्या बुटातून ग्रीस चाकाकडे उडतं आणि लगेच दिसतं. इथे ते थेंबाथेंबाने शाफ्टवरून सरकत गेलं, आणि त्याच फटीतून पाणी आत आलं. हा पट्टा मला पहिल्या वेळीही दिसला असणार. जुनी घाण म्हणून मी तो सोडून दिला.

आता काम. हब नट गाडी चाकांवर उभी असतानाच सैल केला, हँडब्रेक ओढून, मदतनिसाने ब्रेक दाबून. त्याआधी नटाची ठोकून बसवलेली कड छिन्नीने उचलून घेतली, नाहीतर शाफ्टचे आटे सोलवटतात. नट सैल झाल्यावर गाडी इंचभरही ढकलू नये. व्हील बेअरिंगला धरून ठेवणारा ताण त्या नटाचाच असतो.

लोअर बॉल जॉइंट सोडवला, नकल बाहेर ओढून घेतला, ब्रेकचा होज आणि सेन्सरची वायर ताणली जाणार नाही अशी बांधली. स्प्लाइन, म्हणजे शाफ्टच्या टोकावरचे लांबट दाते, गंजून हबमध्ये बसले होते. नट आट्यांच्या टोकाशी समपातळीत फिरवून ठेवला, गंज सोडवणारं तेल मारून थांबलो, मग पुलर लावला. इथे हातोडा उचलायचा मोह होतो. आट्यांचं टोक पसरलं की नवा नट चढत नाही. नवा जॉइंट येणार असला तरी हबमधलं बेअरिंग जुनंच राहणार आहे, ते हातोड्याचे घाव विसरत नाही.

बाहेरचा जॉइंट गाडीवरच बदलता आला असता. तरी पूर्ण शाफ्ट काढला, कारण ट्रायपॉड, म्हणजे गेअरबॉक्सकडचा तीन रोलरांचा जॉइंट, बघायचा होता. आतली वाटी दोन टॉमींनी गेअरबॉक्सपासून उचकटली, खाली तेलासाठी ट्रे ठेवून. शाफ्टला धरून ओढलं तर आतल्या जॉइंटचे तीन रोलर वाटीतून निसटतात आणि मग ते तिथे बुटात शोधत बसावं लागतं.

व्हाइसच्या जबड्यांवर अ‍ॅल्युमिनियमचे तुकडे लावून शाफ्ट धरला. बूट कापला. आत ग्रीस म्हणावं असं फारसं नव्हतं, तपकिरी पातळ राड होती आणि बोटांत चोळल्यावर किरकिरत होती. आतल्या रेसवर पितळी ड्रिफ्ट ठेवून एक जोरदार ठोका मारला, सर्क्लिप (जॉइंट शाफ्टवर अडकवून ठेवणारी तारेची रिंग) दबली आणि जॉइंट निघून आला. काही गाड्यांत ही रिंग आधी पक्कडीने पसरावी लागते. न बघता ठोकत बसलं तर पिंजरा फुटतो, जॉइंट मात्र जागचा हलत नाही.

जॉइंट टाकायचाच होता, तरी धुऊन उघडला. पिंजरा तिरका करून गोळ्या एकेक काढल्या. एका खाचेत, मध्यापासून जरा पुढे, नखाच्या टोकाएवढा पापुद्रा उडालेला खड्डा. शेजारच्या दोन खाचांत चकचकीत दबके. त्या खड्ड्यासमोरची पिंजऱ्याची खिडकी कडेला झिजलेली, गोळी तिच्यात डुलत होती. फेरीला एक ठळक ठोका का, याचं उत्तर समोर पडलेलं होतं.

असा जॉइंट धुऊन नवीन ग्रीस भरून परत लावणारे आहेत. काही दिवस आवाज दबतो. पूर्वी दोन बाजूंचे जॉइंट एकमेकांत बदलायची युक्तीही करत, म्हणजे न झिजलेली बाजू भाराखाली येते. पण खिडकी झिजलेला पिंजरा दोन्ही उपायांत तोच राहतो. तो तुटला तर डिफरन्शियल सगळी फिरकी मोकळ्या बाजूला सोडतो आणि इंजिन ओरडत राहतं, गाडी जागेवर. ऑटोमॅटिक गाडीत तर 'पी'मध्ये टाकूनही उतारावर ती थांबत नाही. बूट आज फाटला आणि जॉइंट अजून गप्प असेल तर धुणं-भरणं रास्त आहे. टकटक सुरू झाल्यावर नाही.

आतल्या ट्रायपॉडचे रोलर गुळगुळीत होते, वाटीत पायरी पडलेली नव्हती. म्हणून पूर्ण शाफ्ट न बदलता फक्त बाहेरचा जॉइंट, बूट, क्लॅम्प, सर्क्लिप आणि हब नट असा संच घेतला. मूळ शाफ्टची लांबी आणि पोलाद ओळखीचं असतं, ते चांगलं असताना टाकून देणं मला पटत नाही. नवा जॉइंट लावण्याआधी जुन्याशेजारी ठेवून दोन्हीकडच्या स्प्लाइनचे दाते मोजले. सेन्सरची दातेरी कडी जॉइंटवर असेल तर तिचेही मोजावेत. एक दात कमी-जास्त झाला की एबीएसचा दिवा लागतो आणि मग लोक सेन्सर बदलत बसतात.

संचातली ग्रीसची पुडी ९० ग्रॅमची होती, मॉलिब्डेनम डायसल्फाइडवालं काळं ग्रीस. अर्धं जॉइंटमध्ये गोळ्यांच्या मागे जाईपर्यंत दाबलं, उरलेलं बुटात. बेअरिंगचं साधं ग्रीस यात चालत नाही. आतल्या जॉइंटचं ग्रीसही बहुधा वेगळं असतं, तेव्हा उरलंसुरलं तिकडे ढकलू नये. शाफ्टवर बुटाचं लहान तोंड बसण्याची खाच बारीक पॉलिश पेपरने साफ केली, कारण गंजाच्या खवल्यांवर कोणताही क्लॅम्प नीट आवळत नाही. तोंडाखाली बोथट स्क्रूड्रायव्हर सरकवून अडकलेली हवा सोडली आणि मगच धातूचा क्लॅम्प त्याच्या पक्कडीने कानापाशी चिमटला. बूट फुगलेला राहिला तर घड्या एकमेकींवर घासतात, आत दबला तर वळणावर ताणतो.

गेअरबॉक्सचं ऑइल सील नवं घातलं. आतल्या वाटीची सर्क्लिप 'कट' करून बसल्यावर वाटीलाच धरून ओढून खात्री केली. नवा हब नट गाडी चाकांवर उतरवून टॉर्क रेंचने आवळला. लहान गाड्यांत हा आकडा अनेकदा २०० न्यूटन-मीटरच्या आसपास असतो, पण घ्यायचा तो त्या गाडीच्या पुस्तकातलाच. नटाची कड खाचेत ठोकली, गेलेलं तेल भरून पातळी बघितली.

पुन्हा खडू, पुन्हा वर्तुळ. बारापैकी एकही नाही. थ्रॉटल वाढवून, उजवीकडे, रिव्हर्समध्ये, सगळीकडे शांत.

आणि मग, गाडी आत घेताना, एक 'टक'.

तो सुटा आवाज, जो मी जॉइंटच्या नावावर लिहून मोकळा झालो होतो. या वेळी नीट ऐकला. गेअर बदलून क्लच सोडताना तो येत नव्हता. दिशा बदलल्यावर पहिल्यांदा ब्रेकला पाय लागला की येत होता, तोही एकदाच. पीळ देताना बोलला असता तर हब नट पुन्हा तपासला असता. ब्रेकला बोलतो म्हणजे ब्रेकमध्येच. डावा कॅलिपर उघडला तर आतल्या पॅडची स्प्रिंग क्लिप एका टोकाला नव्हतीच. पॅड ब्रॅकेटमध्ये पुढे-मागे सरकून आपटत होता. क्लिपचा संच दोन्ही बाजूंना नवा टाकला.

१,२०० किलोमीटरनंतर गाडी बोलावून घेतली. डाव्या शाफ्टवर, लहान क्लॅम्पच्या आतल्या बाजूला, पांढरं कापड फिरवलं. कापडाला फक्त धूळ लागली. बूट चिमटीत दाबला, भरलेला लागला. उजव्या नव्या शाफ्टचे क्लॅम्पही बघितले, ते धातूचे होते. डिकीतला जुना उजवा शाफ्ट मालकांनी अजून टाकलेला नाही. त्याच्या बुटाला ऊन लागू देऊ नका, एवढं मात्र त्यांना सांगून ठेवलं.